कर्ज खरं होतं, पोलीस खोटे निघाले

कराडला तहसील कचेरीजवळ माझं झेरॉक्सचं दुकान आहे. प्रतिज्ञापत्रं, सातबारे, कोर्टाचे कागद, पोलिसांच्या नोटिसा असं सगळं दिवसभर हाताखालून जातं. सरकारी कागद कसा असतो हे मला कुणी शिकवायला नको. तरीही गेल्या सप्टेंबरात १५,५०० रुपये घालवून बसलो, तेही दोन दिवसांत.

कर्ज खरंच होतं, हे आधीच सांगतो. ऑगस्ट २०२४ मध्ये एका फायनान्स कंपनीकडून मोबाईलवरच ४५,००० रुपये घेतले. जुन्या मशीनचा ड्रम गेला होता आणि कलर प्रिंटरही घ्यायचा होता. हप्ता २,३५० चा, २४ महिने. नऊ हप्ते वेळेवर भरले. मग वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. जून म्हणजे आमचा सुगीचा महिना, दाखल्यांची नुसती झुंबड असते, पण सगळा गल्ला दवाखान्यात गेला आणि जून, जुलै, ऑगस्टचे हप्ते थकले.

वसुलीवाल्याचे फोन सुरू झाले. तो दर वाक्याच्या शेवटी "बरोबर ना?" म्हणायचा. "तीन हप्ते आहेत, बरोबर ना? घरी वडील आहेत, बरोबर ना?" कधी रात्री साडेनऊला, जेवणाच्या ताटावर. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचा फोन करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्येच बजावलेलं आहे. मला हे नंतर कळलं. तेव्हा मी उलट त्याचीच माफी मागत होतो.

मग एका सोमवारी सकाळी दुकानात गर्दी असताना दुसऱ्या नंबरवरून फोन आला. ट्रूकॉलरवर नाव उमटलं, 'पोलीस स्टेशन'. (ते नाव कुणीही टाकू शकतं. आपण आपल्या नंबराला 'कलेक्टर' म्हणवून घेतलं तरी चालतं.) मागं वायरलेसची खरखर. "पीएसआय बोलतोय, क्राइम ब्रँच. तुमच्यावर ४२० आणि ४०६ दाखल झालाय. वॉरंट निघालंय. गाडी निघालीय, दोन तासांत दुकानासमोर येईल." मी विचारलं, साहेब, तुमचं नाव? त्यानं नाव सांगितलं, बक्कल नंबर म्हणजे पोलिसाचा बिल्ला क्रमांकही सांगितला. कर्जाचा खाते नंबर सांगितला, थकलेले तीन हप्ते सांगितले. मला शंका यायची ती इथंच संपली. सगळं खरंच होतं की! माझ्या थकबाकीबद्दल एवढं माहीत असलेला माणूस खोटा कसा असेल?

पाच मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर नोटीस आली. वर पोलिसांचं बोधचिन्ह, खाली तीन शिक्के. हात थरथरत होते, तरी सवयीनं मी ती प्रिंटला टाकली. कर्ज काढून घेतलेल्या प्रिंटरवर माझ्याच अटकेचा कागद रंगीत निघाला. गिऱ्हाईक समोर उभं होतं म्हणून कागद पालथा घातला.

"दुकानातून बेड्या घालून नेलं तर चार माणसांत शोभा होईल. तडजोड करायची असेल तर आत्ता बोला." तडजोड ९,५०० ची. तीन हप्ते आणि वर 'कोर्ट फी'. यूपीआयवर जे नाव दिसत होतं ते कंपनीचं नव्हतं, एका माणसाचं होतं. विचारलं तर म्हणे कोर्टाचे कारकून आहेत. भरले. बायकोला सांगितलं नाही.

मंगळवारी मेहुण्याचा फोन. "दाजी, तुमच्यावर वॉरंट आहे म्हणे?" कर्जाच्या अर्जात ओळखीचा माणूस म्हणून त्याचंच नाव दिलं होतं. मी काहीतरी थाप मारली. लगेच 'साहेबांचा' फोन, फाइल बंद करायला अजून ६,००० लागतील, नाहीतर सासरवाडीच्या पत्त्यावर शिपाई जाईल. पैशाचं दुःख एकवेळ सोसतं, सासरवाडीचं नाही. तेही भरले.

बुधवारी नेहमीचे हवालदार आले, कुठल्याशा पंचनाम्याच्या पाच प्रती काढायला. माझं तोंड बघून म्हणाले, "काय शेठ, आजारी हाय काय?" मी ड्रॉवरमधला कागद काढून पुढं ठेवला. ते चष्मा लावून बघत राहिले आणि एकदम हसायलाच लागले.

"अहो, आमच्याकडं कलर प्रिंटर असता तर मी तुमच्याकडं कशाला आलो असतो?"

मग बोट ठेवून ठेवून दाखवलं. जावक क्रमांक नाही. गुन्हा रजिस्टर नंबर नाही, नुसतं 'केस नंबर'. पोलीस ठाणं, कोर्ट आणि रिझर्व्ह बँक, तिघांचे शिक्के एकाच कागदावर. "आम्हाला शेजारच्या ठाण्याची एक सही आणायची तर आठ दिवस जातात, इथं तिघं एका टेबलावर बसलेत!" आणि ४२०? १ जुलै २०२४ ला जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तेव्हापासून घडलेल्या फसवणुकीला कलम ३१८ लागतं. माझं कर्जच ऑगस्टमधलं. "आमची नवीन कलमं पाठ करून करून डोकी दुखायला लागली, आणि हा गडी अजून ४२० वरच." फौजदारानं, म्हणजे त्या पीएसआयनं, बक्कल नंबर सांगितला म्हटल्यावर तर त्यांनी कपाळाला हात लावला. बक्कल नंबर शिपाई-हवालदारांसारख्या अंमलदारांना असतो, फौजदाराला नाही.

पुढचं त्यांनी गंभीरपणे सांगितलं. वॉरंट कोर्ट काढतं, फौजदार नाही. पोलिसांना चौकशीला बोलवायचं असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या ३५(३) प्रमाणे नोटीस देतात, आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर धाडून चालणार नाही असं सुप्रीम कोर्टानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय. हप्ता थकणं हा दिवाणी मामला. चेक किंवा बँकेतून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेला तर फौजदारी खटला होऊ शकतो, हे खरं. पण त्यातही आधी लेखी नोटीस येते, भरायला १५ दिवस मिळतात आणि पुढं कंपनीला कोर्टात जावं लागतं. क्राइम ब्रँचची गाडी येत नाही. उलट पोलीस असल्याची बतावणी करणं हाच न्याय संहितेच्या कलम २०४ खाली गुन्हा आहे, किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं.

त्यांच्यासमोरच मी १९३० ला, सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला. दोन्ही व्यवहारांचे नंबर, वेळ, रक्कम विचारून घेतली. पहिल्या ९,५०० पैकी काही उरलं नव्हतं. दुसऱ्यातले १,९०० पुढच्या कुठल्या खात्यात गोठवले गेले, तेही अजून माझ्या हातात आलेले नाहीत. सोमवारीच फोन केला असता तर, असं आता रोज वाटतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळायच्या आत तक्रार पोचली तरच काही अडतं.

त्या रात्री रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. माझा फोन आपोआप रेकॉर्ड करतो, हे भीतीपोटी विसरलोच होतो. वायरलेसची खरखर दर अकरा सेकंदांनी तीच ती येत होती. आणि तिसऱ्या मिनिटाला साहेब म्हणतात, "वडिलांचं ऑपरेशन झालंय, बरोबर ना?"

ऑपरेशनचं मी एकाच माणसाला सांगितलं होतं. हप्ता का थकला म्हणून विचारणाऱ्या त्या वसुलीवाल्याला.

कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की सदर व्यक्ती आमची प्रतिनिधी नाही आणि आपली थकबाकी ७,०५० रुपये कायम आहे. म्हणजे मी भरलेल्यातला एक रुपयाही कर्जात जमा नाही. डिजिटल कर्जात वसुलीला कोण येणार त्याचं नाव कंपनीनं आधी मेसेज किंवा ईमेलनं कळवायचं असतं. मला कधीच आलं नव्हतं. तेच मुद्दे घालून, रेकॉर्डिंग जोडून त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी दिलंय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. माझे ३० दिवस येत्या शुक्रवारी भरतात. अर्ज टाइप करून ठेवलाय, दोन प्रतींत.

बायकोला शेवटी मेहुण्यानंच सांगितलं. ती चार दिवस बोलली नाही, पैशांमुळं नव्हे, लपवलं म्हणून.