एका हाताने ॲपल वॉच: माजी सैनिकासाठी घेताना पट्टा आधी बघा

कोपराखाली हात गमावलेल्या जवानाला घरचे लोक हौसेने स्मार्टवॉच घेऊन देतात आणि पहिल्याच दिवशी अडचण कळते. घड्याळ बांधायचं ते उरलेल्या हाताला, पण स्क्रीनला बोट लावायला दुसरा हातच नाही. मग नाकाने, हनुवटीने स्क्रीन दाबायची वेळ येते. ॲपल वॉचमध्ये यावर चांगला तोडगा आहे: २०२१ साली वॉचओएस ८ या घड्याळाच्या सॉफ्टवेअरसोबत आलेलं असिस्टिव्हटच, म्हणजे हाताच्या खुणांनी घड्याळ चालवायची सोय.

सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, असिस्टिव्हटच, हँड जेस्चर्स असं जाऊन ते सुरू करायचं. अंगठा आणि तर्जनीची एक चिमटी घेतली की पुढचं बटण, दोन चिमट्यांनी मागचं. मूठ आवळली की ते बटण दाबलं जातं, दोनदा आवळली की मेन्यू उघडतो. मनगटातल्या रक्तप्रवाहातला आणि हालचालीतला बारीक फरक घड्याळाचे सेन्सर टिपतात, म्हणून घड्याळ मनगटाला चिकटून बसायला हवं. सैल पट्टा, मनगटावर गोंदण किंवा भाजल्याचा जाड व्रण असेल तर खुणा चुकतात. बोटांच्या नसांना इजा झाली असेल आणि मूठ नीट आवळत नसेल, तर विकत घेण्याआधी करून बघाच. मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) ॲपलच्या दुकानात घड्याळ हातावर चढवून ही चाचणी करता येते.

मुंबईत एक खास घोटाळा होतो. लोकलमध्ये वरची कडी धरली की मूठ आवळलेलीच असते, आणि घड्याळ ती खूण समजू शकतं. हँड जेस्चर्समध्येच ‘ॲक्टिव्हेशन जेस्चर’ दोनदा मूठ आवळण्यावर ठेवा. म्हणजे ती खूण केल्याशिवाय बाकीच्या खुणा जाग्या होत नाहीत. फक्त फोन उचलायचा-ठेवायचा असेल तर एवढा व्याप नको, क्विक ॲक्शन्स सुरू करा. दोनदा चिमटी घेतली की फोन उचलला जातो.

आता पट्टा. घड्याळाची निम्मी उपयुक्तता इथे ठरते आणि दुकानात कुणी आपणहून विचारत नाही. बक्कल किंवा पिन-भोकांचा पट्टा एका हाताने लागत नाही. सोलो लूप हा बिनबकलाचा लवचिक पट्टा ताणून हातावर चढतो, पण त्याचं माप ठरलेलं असतं, बोटांच्या सांध्यांवरून ओढायला टेबलाची कड किंवा स्टंपचा (तुटलेल्या हाताच्या उरलेल्या भागाचा) आधार लागतो. आमची पसंती वेल्क्रोच्या स्पोर्ट लूपला. गोल तसाच ठेवून हात आत घालायचा, टोक दातांनी ओढायचं आणि मांडीवर दाबून चिकटवायचं. पावसाळ्यात तो भिजला की लवकर वाळत नाही, कातडीला खाज सुटते. दोन घ्या, आलटून पालटून वापरा.

व्हीलचेअर हाताने ढकलणाऱ्यांनी आयफोनच्या वॉच ॲपमध्ये आरोग्याच्या माहितीत व्हीलचेअर ‘हो’ करावं. मग घड्याळ पावलांऐवजी ढकलण्या मोजतं आणि दर तासाला उभं राहायला सांगण्याऐवजी चाक फिरवायला सांगतं. ढकलताना मनगट मागे वळतं आणि क्राउन, म्हणजे घड्याळाच्या कडेचं गोल बटण, दाबला जातो. ओरिएंटेशनमध्ये क्राउनची बाजू बदलली की हा त्रास थांबतो. पडल्याची सूचना देणारी सोय ५५ वर्षांखालच्यांना स्वतः सुरू करावी लागते. खुर्चीतून पलंगावर जाताना हळू घसरलं तर ती ओळखेलच असं नाही, तिच्यावर विसंबू नका.

दोन्ही मनगटं गमावलेल्यांना हे घड्याळ सुचवणार नाही. अँड्रॉइडवाल्यांनाही नाही, कारण आयफोनशिवाय ते चालत नाही, आणि निव्वळ घड्याळापायी फोन बदलणं महागात पडतं.

बॅटरी कंपनीच्या हिशेबाने मॉडेलनुसार १८ तास किंवा जास्त, म्हणजे बारा तासांची ड्युटी सहज निघते, पण रोज रात्री चार्जिंग आलंच. चार्जरची चकती एका हाताने जागेवर राहत नाही, सारखी फिरते. दुहेरी टेपने ती टेबलाला पक्की चिकटवा, मग घड्याळ नुसतं वर ठेवलं की चुंबक त्याला धरून ठेवतो.