कम्युनिटी कॉलेजातून भूगोल, पुढे यूसी किंवा सीएसयू: पैसे कुठे वसूल होतात, गाडी कुठे अडते

कॅलिफोर्नियात भूगोलाची पदवी घ्यायची असेल तर पहिली दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयात) काढावीत आणि पुढे यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) या राज्याच्या विद्यापीठांत जावं, असं आम्ही बिनदिक्कत सांगतो. मोठ्या विद्यापीठात पहिल्या वर्षाचं लेक्चर प्राध्यापक घेतात आणि लॅब बहुतेक वेळा पदव्युत्तर विद्यार्थ्यांवर सोपवलेली असते. कम्युनिटी कॉलेजात वर्ग लहान असतो आणि नकाशावर चुकलेली रेघ शिक्षक स्वतः दाखवतात. उणीव एकच, पण मोठी: कोणता कोर्स कधी घ्यायचा हे विद्यार्थ्यालाच जुळवावं लागतं. ते चुकलं की दोन वर्षांची तीन होतात.

फी राज्याच्या रहिवाशांना सेमिस्टर युनिटमागे (युनिट म्हणजे कोर्सचं वजन मोजण्याचं एकक) ४६ डॉलर, म्हणजे दोन वर्षांच्या ६० युनिटचे २,७६० डॉलर. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क वेगळं. आई-वडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आणि मूल एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावर असेल, तर वास्तव्याच्या अटी पूर्ण केल्यावर त्यालाही रहिवासी दर मिळू शकतो. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना तो मिळत नाही. त्यांची फी कित्येक पट होते. शिवाय त्यांच्या पूर्णवेळच्या १२ युनिटांत एका सत्रात एकच ऑनलाइन कोर्स धरला जातो, आणि भूगोलाचे बरेच वर्ग आता ऑनलाइनच असतात. नाव नोंदवण्याआधी वेळापत्रकात प्रत्यक्ष वर्ग किती आहेत ते मोजा.

विषयाचा गाभा तीन कोर्सचा: प्राकृतिक भूगोल, त्याची १ युनिटची लॅब आणि मानवी भूगोल. त्यांना जोडून जागतिक प्रादेशिक भूगोल, हवामान, कॅलिफोर्नियाचा भूगोल किंवा जीआयएस (संगणकावर नकाशे आणि स्थानाचा डेटा हाताळण्याची प्रणाली). पहिली चूक इथेच होते. लॅब हा वेगळा कोर्स असल्याने अनेक जण फक्त लेक्चर घेतात. २०२५ च्या फॉल (शरद) सत्रापासून यूसी आणि सीएसयू दोन्हींसाठी कॅल-जेटसी हा एकच सामान्य शिक्षणाचा आराखडा आहे आणि त्यात विज्ञानाची लॅब सक्तीची आहे. प्राकृतिक भूगोल आणि त्याची लॅब एकाच सत्रात घेतली की भौतिक विज्ञान आणि लॅब असे दोन्ही रकाने भरतात. मानवी भूगोल सामाजिक शास्त्रांत मोडतो. त्यावर विज्ञानाचा रकाना भरत नाही.

लॅब सोपी समजू नका. पुण्या-मुंबईकडे भूगोलाची प्रॅक्टिकल केलेल्यांना सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० च्या टोपोशीटची (भूरूप नकाशाची) आणि मीटरमधल्या समोच्च रेषांची (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषांची) सवय असते. इथे यूएसजीएसचा (अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेचा) नकाशा १:२४,००० चा आणि उंची फुटांत. नकाशावरचा १ सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर २४० मीटर. आता छेद (जमिनीच्या चढउताराचा उभा काप) काढताना उभी मोजपट्टी १ सेंटीमीटरला १०० फूट घेतली, तर उभी अतिशयोक्ती, म्हणजे आडव्या अंतराच्या मानाने उंची किती पट ताणली गेली, किती? वर्गात हमखास २४० भागिले १०० करून २.४ लिहिलं जातं. २४० मीटर म्हणजे ७८७ फूट, त्यामुळे बरोबर उत्तर जवळपास ७.९. एककं आधी सारखी करा, भागाकार मग. दर पाचवी समोच्च रेषा जाड असते. उंची तिच्यावरून वाचा, बारीक रेषा मोजत बसू नका.

सगळ्यात जास्त किंमत वसूल होते ती जीआयएसमध्ये, आणि सगळ्यात जास्त रडारडही तिथेच. आर्कजीआयएस प्रो हे जीआयएसचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. मॅक असेल तर कॉलेजच्या लॅबचे तास आधी बघून ठेवा. सराव क्यूजीआयएस या दुसऱ्या सॉफ्टवेअरवर करता येतो, पण गृहपाठाच्या पायऱ्या जुळत नाहीत. शेपफाइल (नकाशाचा डेटा साठवण्याचा प्रकार) ही एक फाइल नव्हे. एसएचपी, एसएचएक्स, डीबीएफ आणि पीआरजे हे सगळे भाग एकत्र झिप करून पाठवावे लागतात. नुसती एसएचपी पाठवली तर शिक्षकांकडे उघडणारच नाही. प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या पद्धतीत) तर निम्मा वर्ग अडखळतो. डेटा अक्षांश-रेखांशाच्या अंशांत असताना क्षेत्रफळ काढलं की आकडा निरर्थक येतो. मग घाईत ‘डिफाइन प्रोजेक्शन’ चालवलं जातं. ते फक्त पाटी बदलतं, आतले आकडे तसेच राहतात आणि नकाशाचा थर भलतीकडे जाऊन पडतो. वापरायचं ते ‘प्रोजेक्ट’, जे आतले आकडेही बदलतं. बे एरियासाठी (सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरासाठी) यूटीएम (पृथ्वीचे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी पद्धत) झोन १० उत्तर, लॉस एंजेलिससाठी ११. पुण्याचा डेटा घेऊन प्रकल्प करणार असाल तर ४३, नागपूरसाठी ४४.

जीआयएसबद्दल एक सावधगिरी. काही कॉलेजांतला हा कोर्स सीएसयूला चालतो, यूसीला चालत नाही. शिवाय तो बरेचदा वर्षातून एकदाच असतो आणि पटसंख्या कमी पडली तर रद्द होतो. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या फॉलपर्यंत उरकून टाका, शेवटच्या स्प्रिंग (वसंत) सत्रावर ठेवू नका. असिस्ट या संकेतस्थळावर आपलं कॉलेज, विद्यापीठ आणि विषय निवडून कोणता कोर्स कुठे चालतो याचं करारपत्र उघडा आणि ते दर वर्षी पुन्हा पाहा. सल्लागाराकडे जाताना त्याची छापील प्रत घेऊन जा; अर्ध्या तासाची भेट मग कामी येते.

हमीबद्दल नीट समजून घ्या. भूगोलातली एए-टी (विद्यापीठात बदलीसाठीची दोन वर्षांची) पदवी सीएसयूत जागा देते, पण हव्या त्याच कॅम्पसची हमी देत नाही. यूसीचा टॅग (हमीच्या प्रवेशाचा) करार डेव्हिस, अर्वाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ या सहा ठिकाणी आहे. एका वेळी एकाच ठिकाणी, अर्ज सप्टेंबरात. बर्कली आणि यूसीएलए भूगोलासाठी उत्तम, पण तिथे टॅग नाही. टॅग घ्यायचाच असेल तर भूगोलवाल्यांनी सांता बार्बराचा विचार आधी करावा. विभाग मोठा आहे आणि जीआयएसमध्ये त्याचं नाव आहे. तिथे प्राकृतिक किंवा संगणकीय बाजूकडे जायचं असेल तर कॅल्क्युलस आणि संख्याशास्त्र कम्युनिटी कॉलेजातच, स्वस्तात करून घ्या. गणित पुढे ढकलणं ही या वाटेवरची सगळ्यात महागडी चूक.

डी अँझा आणि फूटहिल ही कॉलेजं क्वार्टर पद्धतीची (वर्षात दोनऐवजी तीन मुख्य सत्रं) आहेत: युनिटला ३१ डॉलर आणि ६० ऐवजी ९० युनिट. फ्रीमाँटचं ओलोनी किंवा सांता मोनिका सेमिस्टरचं. दोन पद्धतींत कोर्स विभागले की तीन क्वार्टर युनिटांची दोनच सेमिस्टर युनिट होतात आणि शेवटी एखाद-दोन युनिट कमी पडतात. शेजारच्या कॉलेजात जीआयएस घेणार असाल तर ही बेरीज आधीच करा.