लाल बल्बचा शेक की एलईडीचं पॅनल?

उजेड दोन्हींचा लालच, त्यामुळे दुकानात दोन्ही एकाच कामाची वाटतात. पण इन्फ्रारेड बल्ब कातडी तापवतो, पॅनल जवळपास तापवत नाही. रक्ताभिसरणासाठी घेत असाल तर सगळा फरक इथेच आहे.

150 किंवा 250 वॅटचा बल्ब दीड-दोन फुटांवर ठेवला की थोड्याच मिनिटांत कातडी लालसर होते. उष्णता लागताच त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, आणि त्यांच्या अस्तरातून सुटणारा नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू त्यांना रुंद ठेवतो. त्वचा 42 अंशांपर्यंत तापली तर तिथला रक्तप्रवाह जवळजवळ कमाल होतो. बल्ब बंद केला की काही वेळात ओसरतो. आखडलेल्या मानेला, पाठीला पंधरा मिनिटं हा शेक मला तरी पुरेसा वाटतो. फक्त रोज त्याच जागी घेऊ नका, कातडीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात.

पॅनलचा लाल उजेड साधारण 630 ते 660 नॅनोमीटर तरंगलांबीचा. बुडापेस्टचे डॉक्टर एन्ड्रे मेस्टर यांनी 1967 मध्ये उंदरांवर लेझर वापरला, तेव्हा भादरलेल्या जागी केस लवकर उगवले. या उपचाराची सुरुवात तिथली. सुरकुत्या, केसगळती यांसाठी त्याला थोडाफार आधार आहे. रक्ताभिसरणाचा दावा मात्र कच्चा. रक्ताभिसरण वाढवून बधिरपणा घालवतं असं सांगितलं जाणारं 890 नॅनोमीटरचं, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडाचं उपकरण आणि हुबेहूब दिसणारं खोटं उपकरण अशी मधुमेहींच्या बधिर पायांवर चाचणी झाली; ती 2008 मध्ये प्रसिद्ध झाली. खरं उपकरण खोट्यापेक्षा सरस ठरलं नाही. एवढ्यासाठी बल्बच्या कितीतरी पट पैसे मी घालणार नाही.

पाय थंड पडतात म्हणून घेत असाल तर मात्र थांबा. माझ्या आईला मधुमेह आहे. आम्ही बल्ब लावला, ती "बरं वाटतंय गं" म्हणत राहिली. संध्याकाळी मोजा काढला तर घोट्याखाली रुपयाएवढा फोड. चटका बसल्याचं तिला कळलंच नव्हतं. त्यात पायाच्या धमन्या अरुंद असतील तर धोका आणखी मोठा: तापलेल्या कातडीला जास्त रक्त लागतं आणि ते पोचतच नाही.

म्हणून मधुमेह असेल, किंवा चालताना पोटरी भरून येऊन थांबल्यावर उतरत असेल, तर बल्ब आणि पॅनल दोन्ही राहू द्या आणि आधी पायांची डॉपलर तपासणी (धमन्यांतला रक्तप्रवाह ध्वनिलहरींनी पाहणारी) करून घ्या.