प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले आय ड्रॉप्स, दोन महिने वापरून

चष्म्याचा नंबर वाढला असणार असं मी सहा महिने धरून चाललो होतो. दादरला फलाटावरचा इंडिकेटर वाचताना अक्षरं पसरायची, पापणी लववली की एकदम लख्ख, आणि मनात चार-पाच मोजेपर्यंत परत भुरकट. एका चष्मेवाल्याने (नाव नको) नवीन काचा गळ्यात मारल्या, फरक शून्य.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. मॅडमनी नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावली, निळ्या उजेडात बघत म्हणाल्या आता पापणी मिटू नका, आणि चौथ्या सेकंदालाच, पट्टीच्या रंगाने हिरव्या चमकणाऱ्या अश्रूंच्या थरात काळे ठिपके दिसले म्हणे. साधारण १० सेकंदांच्या आत थर तुटला की ड्राय आयचा, म्हणजे डोळे कोरडे पडण्याचा, संशय घेतात. कॉर्नियावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) हा अश्रूंचा थर असतो जेमतेम ३ मायक्रॉनचा, पण प्रकाश डोळ्यात शिरताना सगळ्यात जास्त वळतो तो हवेतून ह्या थरात येतानाच, त्यामुळे तो खडबडीत झाला की पुढे चष्मा कितीही भारी लावा, चित्र बिघडणारच. पापणी लवल्यावर थर पसरून बसायला क्षणभर जातो, मग काही सेकंद सगळ्यात स्वच्छ दिसतं, आणि नंतर पुसलेली लादी कशी चट्ट्याचट्ट्यांनी वाळते तसं सुरू होतं. म्हणजे माझा नंबर नव्हे, थर पळत होता! त्यात दिवसभर ऑफिसात एसी, आणि स्क्रीनकडे बघताना आपण पापण्या नेहमीपेक्षा खूप कमी लववतो, लववल्या तरी अर्ध्याच.

आता ड्रॉप्स. कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के, छोट्या छोट्या प्लास्टिकच्या नळ्या. बाटलीपेक्षा बरेच महाग पडतात, पण बऱ्याच बाटल्यांमध्ये औषध खराब होऊ नये म्हणून बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे प्रिझर्व्हेटिव्ह असतं आणि दिवसातून सारखं सारखं घालायचं तर तेच डोळ्याला त्रास देतं, म्हणून मॅडमनी हे दिले. घातल्या घातल्या अर्धा मिनिट उलट जास्त धूसर दिसतं, पहिल्या दिवशी घाबरलोच होतो, मग मस्त साफ. एक थेंब मला तासभर पुरतो, दुपारी एसीखाली तेवढाही नाही. जेलवालं घट्ट औषधही आणलं होतं, ते टिकतं जास्त पण वीसेक मिनिटं सगळं धुक्यात, सकाळी लोकलमध्ये घालायची चूक करू नका, झोपतानाच बरं.

तक्रार एकच, नळीचं टोक पिळून तोडताना निम्मे थेंब बोटांवर, आणि तुटलेल्या कडेला खरबरीत धार राहते, ती डोळ्याला लागली तर वाट लागेल. एक स्टार त्याचा कापला. सोबत रोज १० मिनिटं पापण्यांवर गरम शेक चालू आहे, त्याने पापणीच्या कडेच्या ग्रंथींतलं तेल सुटतं आणि पाणी लवकर उडत नाही, तर फरकाचं सगळं श्रेय ड्रॉप्सला देता येणार नाही. परवा आरशासमोर मोजलं, सात-आठ सेकंद साफ राहिलं.

त्या नव्या काचा ड्रॉवरमध्ये पडून आहेत. ४ स्टार.