ओट्याखालचा ट्रॅश कॉम्पॅक्टर, 14 महिन्यांनंतर

कचरा दाबून त्याचा गठ्ठा करणारं, अमेरिकेतून आणलेलं 15 इंच रुंदीचं यंत्र, घर म्हापशाजवळ, माणसं चार. सुका कचरा झकास दाबतं. पण गोव्यात ते टिकवायचं तर आधी विजेचं बघावं लागतं.

यंत्र 120 व्होल्ट, 60 हर्ट्झचं. ट्रान्सफॉर्मर आपले 230 व्होल्ट उतरवतो, 50 हर्ट्झ मात्र तसेच राहतात. मोटर सहाव्या हिश्श्याने मंदावते आणि 120 व्होल्ट दिले तर तापते. म्हणून 1500 व्हीए क्षमतेचा, 100 व्होल्टचा टॅप (वीज बाहेर घ्यायची जोडणी) असलेला ट्रान्सफॉर्मर घ्या. तरीही एक भानगड उरतेच. मोटरने वेग घेतला की सुरुवातीपुरतं लागणारं स्टार्ट वाइंडिंग तोडणारा सेंट्रिफ्यूगल स्विच 60 हर्ट्झच्या वेगाला बेतलेला असतो, इथे तो जेमतेम उघडतो. सुरू केल्यावर क्षणात 'टक्' ऐकू यायला हवं. नुसती घरघर चालू राहिली तर लगेच बटण बंद करा, नाहीतर स्टार्ट वाइंडिंग जळतं.

दाबपाट खालीवर नेणारे दोन आटेदार दांडे म्हणजे यंत्राचा जीव. पावसाळ्यात, त्यातून खारं वारं, ग्रीस पांढुरकं होऊन घट्ट बसतं आणि यंत्र किरकिरू लागतं. मे आणि ऑक्टोबर, वर्षातून दोनदा: प्लग काढा, खण रुळांवरून उचलून बाहेर घ्या, जुन्या टूथब्रशने रॉकेल लावून आटे साफ करा, कोरडे पुसा, लिथियम ग्रीसचा पातळ थर द्या. मग खण बसवून रिकामंच दोनदा चालवा. जास्त ग्रीस नको, त्यात कागदाचा भुसा चिकटतो.

करवंट्या घालू नका. कडेला एक जरी आली तरी दाबपाट तिरका होतो, सगळा भार एकाच दांड्यावर पडतो. स्प्रेचे डबे आणि बॅटऱ्या कधीच नाहीत; फुटतात, पेट घेतात. सुंगटांच्या (कोळंबीच्या) साली, मासळीचं पाणी लागलेली पिशवी यांचा तर विचारही नको: रस खणाच्या तळाशी उतरतो, पत्रा गंजतो, आणि कोळशाचा फिल्टर त्या वासापुढे हात टेकतो.

काच वेगळी ठेवा. प्लास्टिक, टेट्रापॅक आणि कागद एकत्र दाबले तर गठ्ठा कोणाला सुटा करता येत नाही, पंचायतीची गाडीवाली माणसं कुरकुरतात ती उगीच नव्हे. एका वेळी एकच जात दाबायची. तयार पिशव्या इथे मिळत नाहीत. खताची जाड गोणी धुऊन, काठ दुमडून लावली की चालते. गठ्ठा 12 किलोच्या वर जाऊ देऊ नका, खणातून उपसताना कंबर धरते.