मोबाइलचं बिल चुकलंय? कंपनीकडे अपील की ग्राहक आयोग

अपील फुकट असतं. तक्रारीवरच्या उत्तराने समाधान झालं नाही, तर ३० दिवसांत करायचं, निकाल ३९ दिवसांत अपेक्षित. पण डॉकेट नंबर (तक्रार नोंदवल्यावर एसएमएसने येणारा क्रमांक) जपला नसेल तर सगळं मुसळ केरात! तो एसएमएस आला की लगेच स्क्रीनशॉट काढा. मात्र अपील ऐकणारी यंत्रणा कंपनीचीच, त्यामुळे दुरुस्तीपलीकडे भरपाईची आस धरू नये.

आयोग सावकाश चालतो, पण नुकसानभरपाई देऊ शकतो. तक्रार दाखल करायची मुदत दोन वर्षं. सेवेसाठी कंपनीला मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क शून्य. कंपनीचं मुख्यालय मुंबईत असलं तरी दांडिया बाजारातल्या ग्राहकाला बडोद्याच्याच जिल्हा आयोगात दाद मागता येते. १८८५ च्या तार कायद्याचा हवाला देऊन, आयोगाला अधिकारच नाही असं म्हणत कंपन्या हात झटकायच्या. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती पळवाट बंद केली.