सुई कोणाला टोचली, हे आधी विचारणारी पुस्तिका

वैद्यकीय विद्यापीठाच्या धोरणपुस्तिकेचे परीक्षण लिहावे, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. रुजू होताना ती हातात पडते, मिळाल्याची सही करावी लागते आणि मग ती कपाटात जाते. आमच्या विद्यापीठाची सुधारित पुस्तिका मी मात्र सलग दोनदा वाचली. ती विद्यार्थी, अध्यापक आणि कर्मचारी या तिघांसाठी असल्याचे मुखपृष्ठावरच म्हटले आहे, आणि तिघांना एकच पुस्तिका खरोखर पुरते का, हे मला पाहायचे होते.

वापरलेली सुई टोचल्यास काय करावे, हे प्रकरण सर्वांत चांगले उतरले आहे. जखम साबण-पाण्याने धुवावी, पिळू नये, प्रसंग लगेच नोंदवावा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तर पहिल्या काही तासांतच, आणि उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून पुढे २८ दिवस घ्यावीत, अशी एकाखाली एक येणारी वाक्ये इतकी नेमकी आहेत की रात्री दोन वाजता घाबरलेल्या माणसालाही ती समजावीत. हिपॅटायटिस बीच्या लसीबद्दलही पुस्तिका ०, १ आणि ६ महिन्यांच्या वेळापत्रकावर थांबत नाही. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासून घेण्याची सक्ती ती करते. हे आवश्यकच होते. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, तर लस न घेतलेल्या व्यक्तीला हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्क्यांपर्यंत सांगितली जाते. आणि तरीही आपल्याकडे भीती सगळी पहिल्याची आणि हलगर्जी सगळी दुसऱ्याबाबतची असते.

गोम आहे ती मागच्या व्याख्यांच्या परिशिष्टात. तेथे ‘कर्मचारी’ म्हणजे विद्यापीठाच्या आस्थापनेवरील व्यक्ती, असे लिहिले आहे. जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिशव्या उचलणारे कामगार कंत्राटदाराकडून आलेले असल्यामुळे या व्याख्येत बसत नाहीत, आणि त्यांच्याबाबत ‘संबंधित पुरवठादार संस्थेने आपल्या स्तरावर व्यवस्था करावी’ एवढ्या एका ओळीत विषय आटोपला आहे. दुसऱ्या रुग्णालयात प्रशिक्षणासाठी पाठवलेल्या विद्यार्थ्याला ‘तेथील प्रचलित नियम’ लागू होतात. म्हणजे दुसऱ्या कोणी निष्काळजीपणे टाकलेली सुई ज्यांच्या हाताला लागण्याचा संभव जास्त, आणि ज्यांना त्या इमारतीत दाद कोठे मागायची हे माहीत असण्याचा संभव कमी, नेमक्या त्यांनाच हे उत्तम प्रकरण उपयोगी पडत नाही. गेल्या वर्षी आमच्या प्रयोगशाळेतील एका सफाई कामगार बाईंना पिशवीतून आरपार आलेली सुई टोचली, तेव्हा मी हीच पुस्तिका उघडून बसलो होतो आणि त्या कोणत्या कलमात येतात, ते शोधत होतो. त्यांना औषध वेळेत मिळाले ते अपघात विभागातील परिचारिकेमुळे. तिने आधी केसपेपर काढला आणि नोकरी कोणाकडे, हा प्रश्न सकाळवर टाकला.

कामाच्या तासांचे प्रकरण वाचताना मात्र शब्दांची धार एकदम बोथट झालेली जाणवते. अमेरिकेत २००३ पासून निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ८० तासांची मर्यादा आहे, तीही चार आठवड्यांच्या सरासरीने. युरोपीय संघाच्या निर्देशात साप्ताहिक सरासरी ४८ तासांची आहे. हे आकडे पाळले जातात का, हा वेगळा वाद, पण निदान तेथे आकडा आहे. आमची पुस्तिका म्हणते, ‘कामाचे तास वाजवी असावेत आणि रुग्णसेवेस बाधा न येता विश्रांती द्यावी.’ वाजवी म्हणजे किती, हे ठरवण्याचा अधिकार विभागप्रमुखांकडे आहे, आणि तासांविरुद्धची तक्रारही त्यांच्याच मार्फत पुढे पाठवायची आहे. जागतिक वैद्यक संघटनेच्या प्रतिज्ञेत २०१७ साली डॉक्टरने स्वतःच्या आरोग्याकडे लक्ष देण्याचे वचन समाविष्ट झाले, ते वाक्य पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर चौकटीत छापले आहे. आतल्या पानांवर त्यासाठी लागणारी सवड कोठे दिसत नाही.

अपमानास्पद वागणुकीविरुद्धच्या कलमांत हेतू चांगला आहे, पण भाषेत एक महत्त्वाचा घोटाळा झाला आहे. ‘निनावी’ आणि ‘गोपनीय’ हे शब्द तेथे समानार्थी असल्यासारखे वापरले आहेत. निनावी तक्रारीत तक्रारदार कोण, हे समितीलाही ठाऊक नसते. गोपनीय तक्रारीत समितीला ते ठाऊक असते आणि ते बाहेर न सांगण्याची जबाबदारी तिच्यावर असते. चार-पाच विद्यार्थ्यांच्या तुकडीत प्रसंगाची तारीख आणि वॉर्ड सांगितला की नाव न लिहिताही माणूस ओळखता येतो, हे वॉर्डात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. सूड उगवण्यास मनाई आहे, असे लिहिले आहे. परंतु ज्या अध्यापकाविरुद्ध तक्रार झाली, त्याच्याकडून त्याच विद्यार्थ्याचे अंतर्गत गुण काढून घेण्याची तरतूद नाही, आणि माझ्या मते एवढी एक तरतूद मनाईच्या दहा वाक्यांपेक्षा कामाची ठरली असती.

रजा, हजेरी, ओळखपत्र यांविषयीचे नियम नेहमीचे आणि ठीक आहेत. संशोधनलेखातील नावांबाबतचा नियम मात्र आवर्जून वाखाणण्याजोगा आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चारही निकष पूर्ण केल्याशिवाय लेखक म्हणून नाव घालू नये, केवळ विभागप्रमुख असणे किंवा निधी मिळवून देणे पुरेसे नाही, असे तो ठणकावून सांगतो. हे वाचून आमच्या काही ज्येष्ठांच्या कपाळावर आठी पडली, आणि मला बरे वाटले.

पुस्तिकेची संगणकावरची प्रत वापरणे हा स्वतंत्र मनस्ताप आहे. सुधारणा मूळ मजकुरात न करता परिपत्रके मागे जोडली आहेत, त्यामुळे रद्द झालेले कलमच शोधात आधी सापडते. ‘सक्षम प्राधिकारी’ तर जवळजवळ प्रत्येक पानावर भेटतात, पण त्यांचा दूरध्वनी क्रमांक कोठेही नाही.

सूचना पाठवण्यासाठी शेवटी एक अर्ज दिला आहे. विद्यार्थी, अध्यापक किंवा कर्मचारी यांपैकी एका चौकटीत खूण केल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. व्याख्या बदलण्याविषयीची माझी सूचना मी अध्यापकाच्या चौकटीत खूण करून पाठवली आहे. त्या सफाई कामगार बाईंना काही सुचवायचे असेल, तर त्यांच्यासाठी तेथे चौकट नाही.